निवडणुकीतील पैसा नेमका कुठे जिंकतो?

(पनवेल येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



विषयाचा प्रारंभ एका साध्या भागाकाराने करू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल मतदारसंघात साडेसहा लाखांच्या घरात मतदार होते. उमेदवाराला घालून दिलेली खर्चाची मर्यादा होती ४० लाख रुपये. म्हणजे दर मतदारामागे सहा रुपये आणि वर काही पैसे. एवढ्यात टपरीवरचा कटिंग चहाही येत नाही. या सहा रुपयांत उमेदवाराने खारघरच्या गृहसंकुलांपासून तळोज्याच्या वसाहतींपर्यंत पोहोचावे, पत्रके छापावीत, वाहने फिरवावीत, मंडप घालावेत, आणि निकालानंतर ३० दिवसांत पैन् पैचा हिशेब अलिबागला सादर करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात काय घडते ते प्रत्येक गल्लीला ठाऊक असते. कागदावरची निवडणूक आणि रस्त्यावरची निवडणूक यांतले अंतर लोकांना दिसते, आणि मग घराघरांतून एक वाक्य ऐकू येते, "सगळा पैशाचा खेळ आहे, आपण मत देऊन काय होणार?"

या वाक्यात दोन वेगळी विधाने मिसळलेली आहेत. निवडणूक पैशावाचून लढवता येत नाही, हे पहिले. ज्याचा पैसा अधिक त्याचा विजय, हे दुसरे. पहिले विधान खरे आहे. दुसरे बहुतांशी खोटे आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच सुशिक्षित मध्यमवर्ग मतदानाच्या दिवशी जोडून सुट्टी घेऊन गावाला जातो आणि त्या अनुपस्थितीला तत्त्वज्ञानाचा मुलामा देतो. म्हणून ही गल्लत आधी दूर केली पाहिजे.

त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. २००८ च्या पुनर्रचनेत मावळ लोकसभा मतदारसंघ निर्माण झाला. घाटावरचे पिंपरी, चिंचवड व मावळ आणि घाटाखालचे पनवेल, कर्जत व उरण असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात एकत्र आले. देशातील अत्यंत वेगाने श्रीमंत झालेल्या पट्ट्यांपैकी हा एक. जमिनीला सोन्याचा भाव, गृहबांधणी जोरात, कारखानदारी मोठी. पैशाने खासदार करता येत असता, तर तो इथे सर्वात सहज करता आला असता. २०१४ मध्ये पिंपरी-चिंचवडचे वजनदार नेते लक्ष्मण जगताप शेकापच्या पाठिंब्याने उभे राहिले आणि शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांच्याकडून दीड लाखाहून अधिक मतांनी पराभूत झाले. २०१९ मध्ये पार्थ पवार उभे राहिले. राज्यातील सर्वात प्रभावी राजकीय घराणे, सहकार व संस्थांचे जाळे, प्रचाराचा थाट, कशाचीही उणीव नव्हती. बारणे २ लाख १५ हजार मतांनी विजयी झाले. पवार घराण्यातील उमेदवाराला पराभवाची चव मावळच्या मतदाराने दाखवली, आणि पनवेलनेही त्यात बारणे यांना आघाडी दिली. मोदींची लाट होती हे खरेच. परंतु लाटेपुढे थैली टिकत नाही, हाच तर मुद्दा आहे.

आता थोडे शास्त्रीय बोलू. अधिक खर्च करणारे उमेदवार बहुधा जिंकतात, हे आकडे जगभर दाखवतात. पण त्यावरून खर्चामुळे ते जिंकले असे सिद्ध होत नाही. जो जिंकणार असे दिसते त्याच्याकडेच देणगीदार धावतात. पाऊस पडताना छत्र्या उघडतात. छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही. ही गाठ सोडवण्यासाठी अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी १९९४ मध्ये एक युक्ती योजली. तेच दोन उमेदवार एकमेकांविरुद्ध पुन्हा उभे राहिले अशा लढती त्यांनी निवडल्या. माणसे तीच, म्हणजे त्यांचे गुणदोष तेच. बदलला तो खर्च. त्या बदलाचा मतांवर पडलेला परिणाम त्यांना अत्यल्प आढळला.

पनवेलकरांना ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल, कारण अशी जोडी त्यांच्याच घरात आहे. २००९, २०१४ आणि २०२४ अशा तीन विधानसभा निवडणुकांत इथली मुख्य लढत प्रशांत ठाकूर आणि शेकापचे बाळाराम पाटील यांच्यात झाली. २००९ मध्ये ठाकूर काँग्रेसचे उमेदवार होते आणि सुमारे १३ हजार मतांनी जिंकले. २०१४ मध्ये ते भाजपाकडून लढले. पक्ष बदलला, राज्यात युती-आघाड्या तुटल्या, दोघांचीही मते चाळीस हजारांहून अधिक वाढली. अंतर मात्र पुन्हा १३ हजारांच्या आसपासच राहिले. २०२४ मध्ये तेच अंतर ५० हजारांच्या वर गेले. ठाकूर यांनी त्या वर्षीच्या शपथपत्रात दाखवलेली मालमत्ता ४७५ कोटींच्या घरात आहे. राज्यातील सर्वात धनवान आमदारांत त्यांची गणना होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु ते २००९ मध्येही निर्धन नव्हते आणि २०१४ मध्येही नव्हते. समोर शेकापची अनेक दशकांची गावोगावची बांधणी होती. १३ हजारांचे ५० हजार कशाने झाले? या दहा वर्षांत खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे लाखो नवे रहिवासी आले. देशावरून, विदर्भातून, उत्तर भारतातून आलेल्या या मतदाराचे शेकापच्या जुन्या लढ्यांशी भावनिक नाते नव्हते. मतदारसंघाचा पिंडच बदलला. हा प्रयोगशाळेतील प्रयोग नव्हे, आणि पैशाचा वाटा शून्य होता असे कोणी म्हणणार नाही. पण केवळ तिजोरीकडे बोट दाखवून या तीन निकालांचा उलगडा होत नाही.

पक्षांच्या पातळीवर पाहिले तर चित्र अधिकच स्पष्ट होते, आणि इथे आपल्याच विचारांच्या पक्षाचे उदाहरण घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, तिच्याबरोबर झालेल्या काही विधानसभा निवडणुकांसह, भाजपाने आयोगाला सादर केलेला खर्च सुमारे दीड हजार कोटींचा होता; काँग्रेसचा सुमारे ६२० कोटींचा. भाजपाच्या जागा ३०३ वरून २४० वर आल्या, काँग्रेसच्या ५२ वरून ९९ झाल्या. महाराष्ट्रात भाजपा २३ वरून ९ वर आला. अहिल्यानगरमध्ये विखे-पाटील घराण्याचे उमेदवार नीलेश लंके यांच्याकडून पराभूत झाले; साधनांची तुलना करायची तर ती लढत व्हायलाच नको होती. सहाच महिन्यांनी त्याच महाराष्ट्रात भाजपाने विधानसभेच्या १३२ जागा जिंकल्या. मे महिन्यात तिजोरी रिकामी होती आणि नोव्हेंबरात भरली, असे काही झाले नव्हते. तेलंगणातील भारत राष्ट्र समितीला निवडणूक रोख्यांतून बाराशे कोटींहून अधिक रक्कम मिळाली होती. एका राज्यापुरत्या पक्षाला ही रक्कम प्रचंडच म्हणायची. डिसेंबर २०२३ मध्ये त्या पक्षाची सत्ता गेली आणि २०२४ मध्ये लोकसभेला एकही जागा मिळाली नाही.

(मे ते नोव्हेंबर या काळात एक गोष्ट अवश्य झाली होती. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये दोन कोटींहून अधिक भगिनींच्या खात्यात जाऊ लागले होते. तो पक्षाचा पैसा नव्हे, राजकोषाचा. त्याचा परिणाम झाला नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

मग पाकिटे वाटली जातात, त्यांचे काय? आपल्याकडे या प्रकाराला 'लक्ष्मीदर्शन' म्हणण्याची चाल पडली आहे. ज्या देवीपुढे दिवाळीत वहीपूजन करायचे तिचे नाव कुठे नेऊन ठेवले, याची खंत वाटावी अशीच ही गोष्ट. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात जप्त झालेली रोकड, मद्य व अन्य वस्तू यांचे मूल्य शंभर कोटींच्या थोडे पुढे होते. २०२४ मध्ये ते ६६० कोटींवर गेले. म्हणजे वाटप आहे, आणि वाढते आहे. पण वाटले म्हणून मते पडतात का? मुंबईतील निवडणुकांचा प्रत्यक्ष वस्त्यांत राहून अभ्यास करणाऱ्या दोघा विदेशी अभ्यासकांनी याचे उत्तर शोधले आहे. लिसा ब्योर्कमन यांनी २०१२ ची महापालिका निवडणूक पाहिली, सिमॉन शोशार यांनी त्यापुढच्या निवडणुका. दोघांचे निष्कर्ष एकमेकांना पूरक आहेत. मत गुप्त असते. पैसे घेणाऱ्याने काय केले हे देणाऱ्याला कळत नाही. मधल्या हातांत बरीच रक्कम गळते. घेणारा दोन्हीकडून घेतो. आणि तरीही उमेदवार वाटतो. समोरचा वाटतो आहे, आपण हात आखडला तर आपल्याला 'सीरियस' उमेदवार समजणार नाहीत, मंडळांची मुले फिरकणार नाहीत, ही भीती त्यामागे असते. शेजारच्या मंडपात ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढला की आपणही वाढवायचा, तसला हा प्रकार. दोघांचेही कान किटतात, ऐकू मात्र कोणाचेच येत नाही.

तेव्हा पैसा मतदान केंद्रात हरतो असे म्हणावे का? म्हणावे. पण पैसा मतदान केंद्राच्या फार अलीकडे जिंकून बसलेला असतो. तो जिंकतो उमेदवारीच्या वेळी. मतदारापुढे चार नावे येतात, ती चार नावे कोणती असावीत हे बरेचसे त्याने आधीच ठरवलेले असते.

२०२४ मध्ये निवडून आलेल्या महाराष्ट्रातील आमदारांच्या शपथपत्रांचा अभ्यास असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने केला. ९७ टक्के आमदार कोट्यधीश आढळले. २०१९ मध्ये हे प्रमाण ९३ टक्के होते. सरासरी मालमत्ता पाच वर्षांत २२ कोटींवरून ४३ कोटींवर गेली. यात एकाच पक्षाकडे बोट दाखवता येणार नाही. सर्व पक्षांची माणसे यात आहेत. पराभूतही बहुधा कोट्यधीशच होते. म्हणजे एका धनवानाने दुसऱ्या धनवानाचा पराभव केला, आणि मतदार म्हणाला, पाहा, पैसा हरला! खरे म्हणजे हरला तो शिक्षक, तो वकील, तो पूर्णवेळ कार्यकर्ता, जो यादीत आलाच नाही. उमेदवारीच्या मुलाखतीत "किती खर्च करू शकाल?" हा प्रश्न विचारला जातो, हे आता कोणी लपवतही नाही. अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ गॅरी जेकबसन यांनी १९७८ मध्येच दाखवले होते की पदावर असलेल्याला अधिकच्या खर्चाचा फारसा लाभ होत नाही, नवख्याला मात्र होतो. कारण त्याला आधी लोकांनी ओळखावे लागते. एका मर्यादेपर्यंतचा पैसा ही दारावरची पावती आहे. ती ज्याच्याकडे नाही त्याची योग्यता तपासण्याची वेळच येत नाही.

स्व. गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात आपल्या २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे बोलून दाखवले. त्या वेळची मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली, खुलासे झाले, टीकेची झोड उठली. वसंतरावांच्या विद्यार्थिदशेतील सहवासापासून संघटनेत घडलेला, ऊसतोड कामगारांत वावरलेला हा नेता होता. त्यांनी सांगितले ते इतर अनेकांनी मनात ठेवले, एवढाच काय तो फरक. भोकरमध्ये अशोक चव्हाण यांचे प्रकरण याच वर्षीचे. वर्तमानपत्रांत त्यांच्या गुणगौरवाची पानेच्या पाने आली. हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. आयोगाने २०१४ मध्ये नोटीस काढली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. 'पेड न्यूज' हा शब्द मराठी घरांत पोहोचला तो याच प्रकरणामुळे.

ही रक्कम येते कुठून, हा यानंतरचा प्रश्न, आणि पनवेलकरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे असा. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी सिमेंटच्या खपाचे आकडे निवडणुकांच्या तारखांशी ताडून पाहिले. निवडणुकीच्या महिन्यात सिमेंटचा वापर घटतो असे त्यांना आढळले. बांधकाम व्यवसायातील रोकड त्या काळात अन्यत्र वळते आणि कामे थंडावतात, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. ज्या शहराच्या एका बाजूस सिडको, दुसऱ्या बाजूस 'नैना' प्रकल्प, माथ्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले विमानतळ, तिथे चटईक्षेत्राचा एक निर्णय कित्येक निवडणुकांचा खर्च भरून काढू शकतो. मत विकत घेता येत नाही, पण निवडून आलेल्या माणसाचा नंतरचा वेळ, त्याची सही, त्याचे मौन यांवर देणगीदाराचा हक्क निर्माण होतो. पाणी वेळेवर न येणाऱ्या सोसायटीला पैशाचा खरा परिणाम निकालाच्या दिवशी नव्हे, पुढची पाच वर्षे भोगावा लागतो.

हा धोका पूर्वीच्या धुरिणांनी ओळखला नव्हता असे नाही. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देण्याची तरतूद आपल्या नियमावलीत करायची होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. १९५७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यानुसार परवानगी दिली खरी, पण कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीचा झराच गढूळ होऊ शकतो असा इशारा देऊन संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. पुढे १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपनी-देणग्यांवर बंदी घातली. बंदीने पैसा थांबला नाही, तो काळ्या वाटेने वाहू लागला. १९८५ मध्ये बंदी उठली तोवर सवय पडून गेली होती.

दुसरा प्रसंग जनसंघाशी निगडित आहे. १९७१ मध्ये दिल्लीतून पराभूत झालेले जनसंघाचे कंवरलाल गुप्ता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे, असा निर्णय ऑक्टोबर १९७४ मध्ये झाला आणि काँग्रेसचे अमरनाथ चावला यांची निवड रद्द ठरली. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून निर्णयाचा अर्थच पुसून टाकला. उमेदवाराला मर्यादा आणि पक्षाला मोकळे रान, ही विसंगती तेव्हा रुजली. वाजपेयी सरकारच्या काळात २००३ मध्ये ही पळवाट बरीच अरुंद करण्यात आली. पक्षाच्या सर्वसाधारण खर्चाला मात्र मर्यादा आली नाही, ती कोणत्याही सरकारने आणली नाही. २०१८ मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांमागे रोखीऐवजी बँकेतून व्यवहार व्हावा हा हेतू सांगितला गेला, तो योग्यच होता. पण देणाऱ्याचे नाव मतदारापासून लपले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. विकल्या गेलेल्या सुमारे साडेसोळा हजार कोटींच्या रोख्यांपैकी निम्म्याच्या आसपास भाजपाकडे आले होते. कंवरलाल गुप्तांचा वारसा सांगणाऱ्यांनी हा निकाल नाराजीने वाचण्याऐवजी काळजीपूर्वक वाचायला हवा होता.

पैशाला पर्याय काय, हा प्रश्न कार्यकर्त्यांपुढे उरतो. याच मावळने १९५७ मध्ये जनसंघाच्या रामभाऊ म्हाळगींना विधानसभेत पाठवले. दरवर्षी आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवणारा हा लोकप्रतिनिधी १९७७ व १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेत गेला. कुलाब्यातून १९७७ मध्ये शेकापचे दि. बा. पाटील निवडून आले. पनवेल-उरणच्या भूमिपुत्राने त्यांना पाच वेळा आमदार व दोन वेळा खासदार केले. विचार दोन टोकांचे, पण दोघांच्याही मागे जे बळ होते त्याची किंमत रुपयांत होत नव्हती. ते माणसांच्या ऋणानुबंधाचे बळ होते. अलीकडच्या काळात राजू शेट्टी यांनी 'एक व्होट, एक नोट' म्हणत शेतकऱ्यांच्या वर्गणीवर निवडणुका लढवल्या आणि २००९ व २०१४ मध्ये हातकणंगले जिंकले. २०१९ मध्ये ते त्याच वाटेने गेले आणि हरले. लोकवर्गणी विजयाची हमी देत नाही. निवडून आल्यावर कोणाचे देणे लागतो, एवढेच ती ठरवते.

आज बूथवर बसणारा मुलगा दिवसाचा 'रेट' विचारतो, अशी तक्रार सर्वच पक्षांतील जुनी माणसे करतात. तो मुलगा एकाएकी बिघडला नाही. वर्षभर त्याच्याकडे कोणी फिरकले नाही आणि निवडणुकीच्या महिन्यात वाहन घेऊन गेले, तर तो रेटच विचारणार. ज्या सोसायटीत बाराही महिने येणेजाणे आहे तिथे पाकीट घेऊन जाण्याची गरज पडत नाही, आणि दुसऱ्याने नेले तरी त्याचा उपयोग होत नाही.

एक काम मात्र आजपासून करता येण्याजोगे आहे. उमेदवारांनी सादर केलेले खर्चाचे हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात असतात. निवडणूक नियमांनुसार कोणाही व्यक्तीला एक रुपया शुल्क भरून ते पाहता येतात आणि ठरलेले शुल्क भरून प्रतीही घेता येतात. खुर्ची, मंडप, चहा, वडापाव यांचे दरपत्रक प्रशासन निवडणुकीआधीच जाहीर करते. पनवेलमध्ये निवृत्त लेखापाल, बँक अधिकारी, प्राध्यापक यांची वाण नाही. त्यांतील चार जणांनी सकाळची एसटी धरून अलिबाग गाठावे, सर्व पक्षांचे हिशेब मागवावेत, आपल्या चौकातील सभेला किती खुर्च्या होत्या हे आठवावे आणि हिशेबात किती लिहिल्या आहेत ते पाहावे.